ठिपका

आकाशाच्या सर्वेक्षणात एखादा पुसट ठिपका दिसला, की खगोलशास्त्रज्ञ लेक दुर्बीण किंचित सरकवून दुसरा फोटो घ्यायला लावायची. ठिपका जागचा हलला नाही तर ती कॅमेऱ्यावरची धूळ. ताऱ्यांबरोबर सरकला तर खरीखुरी दीर्घिका! मग तिचा पहिला फोन बाबांना, "बाबा, सरकला!" आणि बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटायचे, जणू दीर्घिका त्यांनीच शोधून काढलीय.

आज बाबांच्या छातीच्या एक्स-रेत तसाच ठिपका होता. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मशीनवरची धूळ असेल हो. त्यांना दोन बोटं डावीकडे सरकवून परत एक काढा ना."

काढला. दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी उघडेपर्यंत ती जन्मात पहिल्यांदाच घोकत राहिली, हलू नकोस रे ठिपक्या, हलू नकोस.

ती बाहेर आली तेव्हा बाबा शर्टाची बटणं लावत होते. तिचा चेहरा बघून त्यांचा हात शेवटच्या बटणावरच थांबला.



"सरकला ना गं?"