उजवा हात, डावा कान

"साठ हो गए, अंकल," बहारीनच्या बेकारभत्ता कार्यालयात काउंटरवरची मेहरीन म्हणाली आणि लहूचा अर्ज तिने काचेखालून परत सरकवला. साठीच्या पुढे बेकारभत्ता नाही. साठीनंतर माणूस पेन्शनवर जातो, असं तिचा कॉम्प्युटर म्हणत होता.

कुठलं पेन्शन, लहूने विचारलं. ते इथल्या, बहारीनच्याच माणसाला. लहूसारख्याच्या हातात फक्त विमानाचं तिकीट. भत्त्यासाठीचा एक टक्का पंधरा वर्षं दर पगारातून न चुकता कापून घेतला, तेव्हा कुणी त्याचं वय विचारलं नव्हतं. कंपनीने त्याला चार जूनला काढलं. चार दिवस आधी काढलं असतं तर हाच अर्ज चालला असता. माणसाला हाकलायचंसुद्धा या लोकांना वेळेवर जमलं नाही.

शेजारी त्याची मुलगी श्रावस्ती शाळेच्या युनिफॉर्ममध्ये उभी होती. भत्ता मिळाला तर तिची बारावी होईपर्यंत इथली, हूरा वस्तीतली भाड्याची खोली टिकणार होती. नाहीतर वर्ष अर्धवट टाकून गावी, किनवटला परत.

"बाबा, लेट्स गो," ती पुटपुटली. मागे रांग होती आणि बापाचा आवाज चढत चालला होता.

"सांग तिला," लहू म्हणाला, "मी अठ्ठावन्नचा हाय. ती एक जूनची जन्मतारीख माही नाही, गुरुजींची हाय."

श्रावस्तीने मान खाली घातली. मग लहूच आपल्या मोडक्या हिंदीत सुरू झाला. त्याची आई चंपाबाई चार वर्षांच्या लहूला घेऊन शाळेत गेली आणि नाव घातल्याशिवाय उठणार नाही म्हणून पायरीवर बसून राहिली. जन्माचा दाखला कुणाकडे होता? गुरुजींनी त्या काळची परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून घालून डावा कान धर. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. लहूचे हात अंगाच्या मानाने लांब, पोचला. गुरुजींनी सहा वर्षं मागे जाऊन एक जून लिहून टाकली. तीच पुढे पासपोर्टात आली.

मेहरीनला यातलं फारसं कळलं नाही. कौनसा कान, तिने विचारलं.

लहू भडकला. "देखो," म्हणाला आणि त्याने उजवा हात उचलला. पण छताला एसीचे डक्ट बसवून बसवून त्याचा खांदा कामातून गेला होता. हात कपाळापर्यंत आला आणि तिथेच अडकला.

मेहरीनचा चेहरा मवाळ झाला. "सलाम मत कीजिए, अंकल. रूल है."

आणि तिने पुढचा नंबर पुकारला. लहूच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. हात वर जाईना आणि असा कपाळावरून खाली घ्यायला त्याचं मन होईना.

श्रावस्तीने दप्तर जमिनीवर ठेवलं. बापाचं कोपर दोन्ही हातांनी धरलं आणि वर रेटलं. लहू कळवळला, पण थांब म्हणाला नाही. बोटं डाव्या कानाला टेकली.

"ये सलाम नहीं है, मॅडम," ती म्हणाली. कोपर तिने सोडलं नाही.