हेरंबचा ताप

डॉ. सुनीती केळुसकरांनी धाकट्या भावाला, हेरंबला, काही वर्षांपूर्वी आपली किडनी दिली होती. यंदा त्यांनीच शोधलेली लस त्याला टोचली. परकी किडनी आपलीच मानायला ती शरीराला शिकवायची. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या रोजच्या गोळ्या बंद झाल्या. आणि आज त्याला सणकून ताप भरला.

“ताई, शरीर किडनी नाकारतंय का?”

नाकारत असेल, तर गोळ्या लगेच द्यायला हव्यात. पण ताप जंतूंचा असेल, तर त्याच गोळ्या जिवावर बेततील. सुनीतीबाई गोळ्यांची पट्टी मुठीत धरून रिपोर्टची वाट पाहत राहिल्या.

किडनी सुखरूप होती. शरीर फ्लूशी लढत होतं.

“कुणाकडून घेतलास हा?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“लेकीकडून. इतकी वर्षं ती शिंकली की मी दाराआडूनच बघायचो. परवा जवळ घेतली.”