उघडी फाईल

दीपेशला ऋचाचा संशय होता, म्हणून त्यानं घरच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एक सॉफ्टवेअर टाकलं. ते खोलीतलं सगळं बोलणं रेकॉर्ड करायचं. बायकोचं वावगं काहीच सापडलं नाही. सापडलं ते त्याचं स्वतःचं. ती तलासरीला माहेरी गेली होती त्या दिवशी तो आईला म्हणाला होता, "राहू दे तिला तिकडेच. आपण दुसरी बघू."

ऋचा अंगणात चिकूच्या पेट्या भरत होती तेवढ्यात त्यानं सॉफ्टवेअर काढून टाकलं. रेकॉर्डिंगचं फोल्डर मात्र तसंच राहिलं.

डिलीट.

होत नाही. फाईल दुसरीकडे उघडी आहे.

डिलीट.

फाईल दुसरीकडे उघडी आहे.

त्यानं दबक्या आवाजात डहाणूच्या कॉम्प्युटरवाल्या उमेशला फोन लावला.

"अरे, काढलं तरी खरकटं मागे राहतंच," उमेश हसला. "रीस्टार्ट कर, मग उडव. एवढा घाबरतोस काय, वहिनी मारते की काय?"

दीपेशनं रीस्टार्ट दाबलं. स्क्रीनवर नवी चौकट आली: या कॉम्प्युटरवर आणखी कुणीतरी लॉग-इन आहे.

बागेच्या ऑर्डरींसाठी ऋचाचं लॉग-इन वेगळं होतं, हे त्याला आत्ता आठवलं.



"अहो, बंद नका करू," मागे दारात उभी राहून ऋचा म्हणाली. "मी तलासरीला गेले होते त्या दिवसाचं अर्धंच ऐकून झालंय."