मालक

उधन्याचा रस्ता भरदिवसा रिकामा झाला होता. इतका, की मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट पुलाखाली ऐकू येत होती. दोरीच्या अलीकडे पोलीस आणि हजार तोंडं. पलीकडे डिव्हायडरला टेकलेली एक काळी बॅग, तिच्यातून लोंबणारी पांढरी वायर. आणि जरा पुढे, पुलाच्या खांबाला पाठ लावून बसलेला एक माणूस.

माणूस उठत नव्हता.

"ए काका, भाग वहाँ से! बम है, बम!" हवालदार भोंग्यातून ओरडला.

माणसाने मानही वळवली नाही.

"पीधेलो छे," गर्दीतलं कुणी म्हणालं. दारूबंदीच्या राज्यात सकाळी अकराला टुन्न! लोक हसले. मोबाईल वर झाले. बॅगेसाठी कुत्रं आलं, गाडी आली, मोठा साहेब आला. माणसासाठी नुसती शिट्टी.

शकू गर्दी फाडत दोरीपाशी आली. रात्रपाळी सुटूनही नवरा घरी आला नाही म्हणून ती डिंडोलीहून शोधत निघाली होती. खांबाजवळचा चौकड्यांचा शर्ट तिने ओळखला, आणि ती काळी बॅगही.

"साहेब, जाऊ द्या मला. ते पीत नाहीत. काल छातीत दुखत होतं त्यांच्या."

"पीछे हट, बाई. पहले बॅग." भोंगा पुन्हा गरजला, "ये बॅग का मालिक कौन है?"

"तेच की! माझे मालक!" शकूने खांबाकडे बोट केलं. "माझे मालक बसलेत तिथं!"

हवालदाराने पाहिलं. झिजलेली चप्पल, केसांत सुताचा भुसा. "ये मालिक? कौनसी मिल का?"

पुन्हा हशा.

शकूने नवऱ्याला फोन लावला. रिकाम्या रस्त्यावर बॅग बोलली. लहान मुलीच्या आवाजात.

"पप्पा, फोन उचला ना! पप्पा!"

गर्दी किंचाळत मागे पळाली. हवालदाराने शकूचा फोन हिसकावला. "रिमोट है इसके पास!" दोन पोलीसबायांनी तिचे हात पाठीमागे आवळले.

"माझ्या राखीचा आवाज आहे तो," ती सांगत राहिली. "टोन लावलाय त्यांनी, टोन!"

जाड चिलखत घातलेला माणूस आला. बसलेल्याचे पाय ओलांडून बॅगेकडे गेला. बॅग चिरली. भाकरीचा डबा, चार्जर, फोन, कारखान्याचं फोटोवालं ओळखपत्र. त्याने अंगठा वर केला. टाळ्या पडल्या.

परतताना त्याने बसलेल्याच्या खांद्यावर थाप मारली. "उठ भाई, पती गयु, खतम."

माणूस बसल्या आकारातच कलंडला. गुडघे दुमडलेले ते दुमडलेलेच.

मघाशी बॅगेला भ्यालेली गर्दी आता त्याच्यापासून मागे सरली. शकू हात सोडवून एकटीच पुढे धावली.

हवालदाराने ओळखपत्रावरचा फोटो आणि जमिनीवरचा चेहरा ताडून पाहिला. काशीराम. मग वायरलेस तोंडाशी धरला.

"साहेब, बॅगनो मालिक मळी गयो. बधु बराबर छे, सब ठीक. रस्तो खोली नाखो."

गाड्या सुरू झाल्या. घरून कुणी फोन लावला असावा; चिरलेल्या बॅगेतून राखी बोलली, "पप्पा, फोन उचला ना."

या वेळी कुणी पळालं नाही.