पहिली सही

"बूट काढा, मिस अर्लीन, आणि सरळ तुमच्या घरात जाऊन उभ्या राहा," प्रदर्शन मांडणारी जनेल म्हणाली.

गॅलरीच्या काळ्या फरशीवर पांढऱ्या रंगाने अख्खी पिंकनी स्ट्रीट आखली होती. घरं, अंगणं, चर्च, न्हाव्याचं दुकान. खऱ्या पिंकनी स्ट्रीटवरून अर्लीन गॅडिस शाळेत होती तेव्हापासून हायवे धावतोय. गोऱ्यांच्या वस्तीतून रस्ता न्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, तेव्हा काळ्यांची ही गल्ली सोयीची पडली.

प्रदर्शन उद्या उघडायचं होतं. ज्या चौकटीत माणूस उभा राहील, त्या घराची आठवण वरच्या स्पीकरमधून ऐकू येणार, अशी जनेलची योजना.

अर्लीन आपल्या चौकटीत जाऊन उभी राहिली. वरून चर्चचे वडीलधारे सेवक, डीकन टिलरी, यांचा रेकॉर्ड केलेला भारदस्त आवाज आला. "हे ल्यूशस गॅडिसचं घर. हायवेला घर विकायच्या कागदावर पहिली सही ह्याने केली. हा फुटला आणि मग सगळी गल्ली फुटली."

अर्लीन चौकटीबाहेर आली. "हे काढ."

"मिस अर्लीन, मी कुणाच्या आठवणीला कात्री लावत नाही. तुमची आठवण द्या ना, तीही लावते."

"माझ्या बाबांना पुरलं तेव्हा आईने चर्चच्या तळघरात जेवण मांडलं होतं. कोंबडी, मॅकरोनी, सगळं. एकही शेजारी खाली उतरला नाही. आठवडाभर आम्ही दोघीच ते अन्न खात होतो. ही लावशील?"

जनेलने रेकॉर्डरचं बटण दाबलं. "लावते. पण सगळं सांगा."

"सांगायला आहेच किती? हायवेवाल्यांनी आपल्यातलाच एक मुलगा पाठवला होता घराची किंमत ठरवायला, कोट-टाय घालून. आईने केक वाढला. तो म्हणाला, काका, बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात, तुम्हीच तेवढे मागे राहिलात. उद्या याहून कमी पैसे मिळतील. आपलाच मुलगा म्हणून बाबांनी विश्वास ठेवला."

"तुम्ही पाहिलं होतं त्याला?"

"पाहिलं होतं. पण लहान होते गं, चेहरा नाही आठवत. पुढच्या खोलीत आमचा पियानो होता, बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेला. इतका थोराड की मागची भिंत दिसायचीच नाही. तो वाजवून दाखवू का, असं विचारायचं माझ्या मनात होतं. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो तेव्हा पियानो तिथेच राहिला. घराबरोबर त्याचाही चुरा झाला. बाबा वर्षभरात गेले."

माणसं मरतात, त्यांची बदनामी मात्र धडधाकट राहते. चर्चमध्ये अजूनही अर्लीनच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची.

काठी टेकत डीकन टिलरी आले. त्या पिढीतले ते एकटेच उरले होते. उभी हयात शिकागोत काढून म्हातारपणी गावी परतले, आणि तेव्हापासून पिंकनी स्ट्रीटची आठवण म्हणजे डीकन, असंच सगळे मानायचे. तरुणपणी विम्याचे हप्ते गोळा करत आपण या गल्लीत दारोदार फिरायचो, असं ते सांगत. नकाशातली निम्मी घरं त्यांच्याच सांगण्यावरून आखली होती. कुणाचं छप्पर गळायचं, कुणाच्या ओट्याला वाळवी होती, सगळं त्यांना तोंडपाठ.

"डीकन, तुम्हाला घरं आठवतात की घरांची दुखणी?" जनेल त्यांना नेहमी चिडवायची.

"विमेवाला होतो, पोरी. नजर आधी पडझडीवरच जायची," असं म्हणून ते हसायचे.

आज अर्लीन त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "डीकन, पहिली सही बाबांची, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

डीकननी नजर काठीकडे वळवली. "ऐकलं, सिस्टर. सगळे म्हणायचे."

"उद्या माझी नातवंडं येणार आहेत. ती त्या चौकटीत उभी राहतील. काय ऐकायचं त्यांनी?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "जनेल, काढून टाक ते वाक्य. गेलेल्या माणसाला आणखी किती वर्षं कोपऱ्यात उभं करायचं? त्याच्या मनाला काय यातना झाल्या, ते आपल्याला काय माहीत?"

अर्लीनला रडू आवरेना. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. एवढं एक वाक्य ऐकायला आई जिवंत हवी होती, असं तिला वाटलं.

"मग त्या घरात काय लावू?" जनेलने विचारलं. "काहीतरी चांगलं सांगा, डीकन. मशीन चालूच आहे."

अर्लीनचा हात धरूनच डीकन चौकटीत शिरले. त्यांनी डोळे मिटले.

"ही पुढची खोली. उजव्या हाताला खिडकी. इथे पियानो. रविवारी रस्त्यावरून जाताना त्याचे सूर ऐकू यायचे, पाय थबकायचे. घर खणखणीत होतं हो. त्या पियानोमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, तेवढंच काय ते. बाकी ल्यूशसने घर जिवापाड जपलं होतं."

अर्लीनने हात सोडवून घेतला.

"सिस्टर?" डीकननी डोळे उघडले.

जनेलच्या हातातल्या मशीनचा लाल दिवा चालू होता. अर्लीनने तो पाहिला आणि शांतपणे, एकेक शब्द नीट ऐकू जाईल अशा बेताने ती बोलली.

"पियानो त्या भिंतीपासून एकदाच हलवला होता, डीकन. किंमत ठरवायला आलेल्या त्या मुलाला मागची भिंत बघायची होती, म्हणून बाबांनी आणि मी मिळून ढकलला होता."