बारावा जोड

विद्यापीठाच्या सर्वधर्म प्रार्थना खोलीत कोणाचं कोणाशी पटत नसे. चपला बाहेर काढायच्या, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मी दारात बसून माणसं मोजायचो आणि हजेरी मांडायचो.

त्या आठवड्यात रोज आत अकरा माणसं आणि बाहेर बारा जोड. जास्तीचा जोड बायकी होता, अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेला.

"सिस्टर, तुम्ही दोन जोड घालून येता का?" मी चर्चच्या सिस्टरना विचारलं. सिस्टर हसल्या. वसतिगृहात राहणारी चांदवडची सुवर्णा हसली नाही.

"काका, ह्या माझ्या आईच्या आहेत. आई इथल्या दवाखान्यात बेशुद्ध आहे. चपला तर गावी, घरीच राहिल्या होत्या."

ती रोज पुटपुटत एकच मागायची, "तिला उठव. हवं तर मला ने."

शुक्रवारी दुपारी सुवर्णा एकटीच आत गेली. खिडक्यांना गज, दार एकच आणि दारात माझी खुर्ची. थोड्या वेळानं एक बाई अनवाणी आली आणि तिनं पिनेच्या चपला सवयीनं पायात सरकवल्या.

"आत्ताच जाग आली बघा, तशीच उठून आले. पोरगी आत हाय ना?"

"आहे की," म्हणत मी दार उघडलं.

सतरंजीवर कोणी नव्हतं.

मी वळलो. बाई लेकीच्या चपला पदरानं पुसत उभी होती.