सांध्याखालचे फुटवे

अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला या वर्षी एकही संत्रे लागले नाही. लागली ती खडबडीत सालीची फळे, जिभेवर ठेवताच डोळे मिटावेत इतकी आंबट. फांद्यांवर बोटाएवढे काटे होते. झाड लावणारे वडील हयात असेपर्यंत त्याचा काटा कुणाला टोचल्याचे ऐकिवात नव्हते.

मुलाने करवत आणली. "आई, पाडून टाकू. फळ तोंडात धरवत नाही, वर हे काटे. असून अडचण नुसती."

"नको," आई दाराच्या पायरीवरूनच म्हणाली. वडील गेल्यापासून ती झाडाखाली गेलेली नव्हती. लोक म्हणत, दुःख आहे.

"आधी हे आहे कशाचं ते तरी बघू दे," सून म्हणाली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे.

"घ्या! आता लिंबू ओळखायलाही पदवी लागणार." मुलाने करवत जमिनीला टेकवली.

सुनेने फळ आडवे चिरले. साल जाड, गर फिकट, बिया भरपूर. पान चुरगळून हुंगले. काटा नेमका कुठून फुटतो, ते पाहिले.

"जंबेरी," ती म्हणाली. "रानवट लिंबू."

"संत्र्याचं लिंबू कसं होईल?" आईचा आवाज खाली गेला. "तू शिकलेली आहेस, खरं सांग. माणसाचा राग झाडात उतरतो का गं?"

"कुणाचा राग?"

"ह्यांचा. आजारपणात उठून चाकू घेऊन झाडाकडे निघाले. मी चाकू हिसकावला. म्हटलं, दर वर्षी कोवळे कोंब कापता, दयामाया आहे की नाही? माझ्याकडे नुसतं बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तसेच गेले."

"कोंब कुठले, आई?"

"बुंध्यापाशी यायचे ते. नंतर मी कुणाला हात लावू दिला नाही त्यांना."

सून गुडघ्यांवर बसली. काटेरी फांद्या बाजूला करताना तिच्या मनगटावर दोन ओरखडे उठले. आत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बुंध्याला एक जुना सांधा होता. सांध्यावरचे खोड पार वाळून गेले होते. हिरवे जे होते, ते सगळे सांध्याखालून आलेले.

"आई, इथे या."

आई पायरी उतरली.

"संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. खालचे फुटवे खुंटाचे, जंबेरीचे. ते छाटले नाहीत तर सगळं बळ तेच खातात आणि वरचं संत्रं मरतं. बाबा तेच छाटत होते."

"म्हणजे राग नव्हे?"

"राग मोजायचं साधन माझ्याकडे नाही. पण हे झाड असं व्हायला रागाची गरज पडलेली नाही."

आईने वाळक्या खोडावर हात ठेवला. "मग तेव्हाच सांगायचं ना मला," ती खोडाला म्हणाली. "एवढं तोंड शिवून कशाला बसायचं?"

मुलाने करवत भिंतीला लावून ठेवली.

"आई," तो म्हणाला, "त्या आठवड्यात बाबांना बोलायला श्वास पुरत नव्हता."